बाईंच्या नावाची मान्यता

आमच्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत माझ्या अक्षरात एक वाक्य आहे. "राज्यशास्त्राच्या पुस्तकाच्या एकेचाळीस फाइली बाईंकडून अनवधानाने कायमच्या नष्ट झाल्या." ते वाक्य खोटं आहे. पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं गेलं, कायम झालं, आणि दहा महिने तसंच राहिलं. आता वहीत दुरुस्ती केली आहे, पण वही कपाटात असते आणि कपाट कोणी उघडत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. वय अठ्ठ्याहत्तर आहे. पुढे ढकलण्यात आता अर्थ नाही.

मंडळ म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी आम्ही पंधरा-सोळा माणसं, बहुतेक निवृत्त. शनिवार पेठेतल्या एका शाळेनं मागची एक खोली आम्हाला वापरायला दिली आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. तरी रिक्षाचा हॉर्न आत येतोच. मग थांबायचं आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. मी स्वतः वाचत नाही, माझा आवाज त्या लायकीचा नाही. मी चिटणीस. सभा बोलावणं, याद्या करणं, कोणतं पुस्तक कुणाकडे आहे ते पाहणं, ही कामं माझी.

बाई आमच्या सगळ्यांत चांगल्या वाचणाऱ्या. शाळेत छत्तीस वर्षं शिकवलेल्या, मंडळात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा. पती गेल्यापासून शाळेच्या मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. मुलगा गावाबाहेरच्या एका उंच इमारतीत, आयटीत नोकरीला. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यशास्त्राचं एक जाड पुस्तक त्यांनी चौदा महिने बसून वाचलं होतं. चुकलेला परिच्छेद त्या तसाच सोडत नसत, पुन्हा वाचत. कधी कधी पूर्ण प्रकरण पुन्हा वाचत.

तिसरे गृहस्थ म्हणजे आमचे तंत्रज्ञ. ते जन्मापासून दृष्टिहीन आहेत, बँकेत नोकरी करतात, लोणी काळभोरहून बसनं येतात. त्यांचा फोन इतक्या वेगानं बोलतो की मला एक अक्षर कळत नाही, त्यांना सगळं कळतं. आमचं सारं ध्वनिमुद्रण पूर्वी सीडीवर असे, मग पेनड्राइव्हवर आलं. ते क्लाउडवर नेलं ते त्यांनी. दोन वर्षांपूर्वी त्या क्लाउडवरचं आवरायला एक एआय एजंट बसवला तोही त्यांनी. त्याला मराठीत सांगितलं की तो फाइली शोधतो, नावं नीट करतो, कोणती फाइल दोनदा आहे ते सांगतो. सभासदांनी त्याचं नाव कारकून ठेवलं. मला ते आवडलं होतं. जन्मभर मी कारकून होतो, माझ्या हाताखाली कारकून पहिल्यांदाच आला.

तंत्रज्ञांनी कारकुनाला काही नियम घालून दिले होते. ते इथे लिहितो, कारण पुढचं सारं त्यावरच आहे. कारकुनानं स्वतःहून काही पुसायचं नाही, फक्त ट्रॅशमध्ये हलवायचं. ट्रॅशमध्ये फाइल तीस दिवस राहील. त्याआधी ट्रॅश रिकामा करायचा असेल तर दोन माणसांची मान्यता लागेल, प्रत्येकानं आपापल्या यंत्रावरून द्यायची. आणि मान्यता देण्याआधी यादीतल्या कोणत्याही पाच फाइली उघडून ऐकायच्या. मान्यता देणारे दोघे म्हणजे मी आणि बाई.

"दोन कशाला?" मी तेव्हा विचारलं होतं.

"एकटा माणूस घाईत असतो," ते म्हणाले. "दोघं एकाच वेळी घाईत नसतात. बाई तर कधीच नसतात. त्यांना चष्मा शोधायलाच दोन मिन्टं लागतात."

"आणि कारकून?"

"तो घाईत नसतो, पण सांगितलेलं ऐकतो. म्हणून सांगणाऱ्यावर लक्ष ठेवायचं."

बाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "चष्मा माझ्या डोक्यावरच असतो. शोधते ते तुम्ही काय लिहिलंय त्याचा अर्थ."

आता माझ्या नोकरीविषयी सांगणं भाग आहे. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये मी एकतीस वर्षं काढली. तिथे कागदांचे वर्ग असतात. काही कायम ठेवायचे, काही तीस वर्षं, काही वर्षभरात नष्ट करायचे. मुदत संपलेल्या कागदांची यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि दोन पंचांसमक्ष कागद नष्ट करून पंचनामा करायचा. एकतीस वर्षांत पंच समक्ष असलेले मला आठवत नाहीत. एक पंच आमचा शिपाई, दुसरा समोरचा चहावाला. सह्या आदल्या दिवशीच घेतलेल्या असत. चहावाला तर कोऱ्या कागदांवरच सही करी. "साहेब, गिऱ्हाईक थांबलंय, पाच-सहा एकदम घेऊन टाका," म्हणायचा. साहेबही यादी वाचत नसत. टिपणीच्या शेवटी बोट ठेवून "इथेच ना?" एवढंच विचारत. याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. काम उरकायची रीत होती. त्यात कधी काही बिघडलं नाही, निदान आम्हाला कळलं नाही. आम्ही जाळलेला कागद कुणाला हवा होता हे कळायचा मार्गच नव्हता.

बाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी त्या खोलीवर आल्या आणि आपला टॅब माझ्याकडे दिला.

"हा कपाटात ठेवा. डॉक्टरांनी आठवडाभर पडद्याकडे बघू नका सांगितलंय. घरी असला तर मी बघेन."

टॅबच्या पाठीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती. त्यावर उघडायचा आकडा, त्यांच्या वळणदार अक्षरात. मी म्हटलं, "बाई, कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखं झालं हे."

"तुमच्याकडेच आहे ना," त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात क्लाउडवरची जागा भरल्याची सूचना आली. नवीन ध्वनिमुद्रण चढेना. शनिवारी कार्यकारिणीची सभा होती आणि तोपर्यंत जागा मोकळी करून ठेवतो असं मी फोनवर सगळ्यांना सांगून बसलो होतो. अध्यक्ष म्हणाले होते, तंत्रज्ञ परगावी आहेत, ते आल्यावर बघू. मी म्हटलं, रेकॉर्ड रूम मी चालवली आहे. ते बोललो नसतो तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी खोलीत मी एकटा होतो. कारकुनाला सांगितलं की दुबार फाइली शोध आणि कच्चं ध्वनिमुद्रण काढून टाक. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाचे दोन फोल्डर असतात, एक कच्चं, एक पक्कं. वाचलेलं कच्च्यात जातं, स्वच्छ केलेलं पक्क्यात. दोन्हीकडे तीच प्रकरणं दिसतात, म्हणजे कच्चं ही दुबार प्रत, असा माझा सरळ हिशोब. कागदाच्या बाबतीत तो बरोबर असतो. कपाटात एक फाइल दोन ठिकाणी दिसू शकत नाही. दिसली तर त्या दोन फाइली असतात.

कारकुनानं फाइली ट्रॅशमध्ये हलवल्या. जागा काही मोकळी झाली नाही. विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की ट्रॅशमधल्या फाइलीही जागा धरून ठेवतात, तीस दिवसांनी आपोआप जातील. त्याआधी रिकामा करायचा तर दोन मान्यता लागतील. मी म्हटलं, मान्यता माग.

त्यानं यादी पाठवली. लांबलचक होती. वर एक टीप होती, ती मी पुढे तंत्रज्ञांच्या तोंडून ऐकली तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकली. त्यात लिहिलं होतं की राज्यशास्त्राच्या एकेचाळीस फाइलींची दुसरी प्रत मला सापडली नाही. पक्क्या फोल्डरमध्ये या फाइलींकडे नेणारे नुसते दुवे आहेत, फाइली नाहीत. या पुसल्या तर परत आणता येणार नाहीत. या एकेचाळीस वगळून पुढे जाऊ का?

बाई दुरुस्त्या कच्च्यातच करत असत, आणि पक्क्या फोल्डरमध्ये फक्त दुवे ठेवलेले होते, म्हणजे सुधारलेलं प्रकरण आपोआप तिथे दिसावं. अगदी शहाणपणाची सोय होती. यंत्रानं ती ओळखली होती आणि मला शुद्ध मराठीत सांगितलीही होती. मी टिपणीच्या शेवटी बोट नेलं आणि 'पूर्ण यादी मान्य' हे बटण दाबलं. पाच फाइली ऐकायच्या होत्या, त्या चौकटींवर न ऐकता खुणा केल्या.

मग कपाटातला टॅब वाजला. बाईंच्या मान्यतेची विनंती आली होती. मी कपाट उघडलं, पाठीवरचा आकडा बघून टॅब उघडला आणि बाईंच्या नावानंही मान्य केलं. त्या क्षणी मनात काही खळखळ झाली असती तर आज सांगायला बरं वाटलं असतं. काही झालं नाही. शिपायाची सही घेतली, आता चहावाल्याची, इतकंच. ट्रॅश रिकामा झाला, जागा मोकळी झाली.

त्याच संध्याकाळी बाईंना बघायला गेलो. जाताना चिकू घेतले आणि टॅबही नेला, कारण शनिवारी सभेसाठी खोलीत गर्दी होणार, कुणाचा धक्का लागायला नको. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. टॅब टेबलावर ठेवतो म्हटलं, त्या बरं म्हणाल्या. त्या जेमतेम जाग्या होत्या. यात माझा काही डाव नव्हता. पण पुढे जे झालं त्यात या टॅब परत देण्याचा वाटा मोठा आहे.

तीन आठवड्यांनी एका विद्यार्थिनीचा फोन आला की राज्यशास्त्राचं एकही प्रकरण वाजत नाही. तंत्रज्ञांनी शोधलं, मग क्लाउड पुरवणाऱ्या कंपनीला लिहिलं. तिचं नम्र उत्तर आलं की ट्रॅश रिकामा झाल्यावर आमच्याकडेही काही उरत नाही. तातडीची सभा बोलावली गेली. ती मीच बोलावली, चिटणीस म्हणून.

सभेत तंत्रज्ञांनी कारकुनाची नोंद फोनवरून सर्वांना ऐकवली, नेहमीपेक्षा हळू वेगात. ती टीप मी तिथे ऐकली.  शेवटी वाक्य आलं, "मान्यता देणारे: चिटणीस, बाई."

सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी कच्च्या फाइलींची यादी समजून मान्यता दिली. माझं वाचायचं राहिलं. दुसरी मान्यता त्यासाठीच तर असते." मी एवढंच बोललो. दुसरी मान्यता बाईंनी दिली असं म्हणालो नाही. त्याची गरजच पडली नाही.

बाईंनी काळा चष्मा घातला होता. "मी?" म्हणाल्या.  "टॅब तर... तुम्ही आणून दिला होता, घरीच होता ना माझ्या? टेबलावर."

"हो," मी म्हणालो. त्या शुक्रवारच्या संध्याकाळपासून ते खरं होतं.

"मग दिली असेल मी. ऑपरेशननंतर जरा गोंधळच होता. मला आठवत नाही, पण दिली असेल."

एक सभासद म्हणाल्या, "बाई, अहो तुमचंच पुस्तक. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"माझंच ना. म्हणून तर," बाई म्हणाल्या.

मी वही उघडली आणि ते वाक्य लिहिलं. अनवधानाने हा शब्द सुचला तेव्हा मला तो सौम्य वाटला. बाईंची बाजू सांभाळली असंही वाटलं.

पुस्तकाचं म्हणाल तर ते परत झालं. चार जणांनी वाटून घेतलं आणि अडीच महिन्यांत वाचून काढलं. बाईंच्या वाचनाची सर त्याला नाही, पण विद्यार्थ्यांची परीक्षा बुडाली नाही. मी स्वतःला हेच सांगत होतो, की नुकसान भरून निघालं.

बाईंचं निघत नव्हतं. त्यांच्या हातून त्या वर्षी एकदा दूध उतू गेलं होतं, एकदा लॅचची किल्ली आत राहून दार लागलं होतं. कुणाच्याही घरी होतं. पण मुलाला सभेतली गोष्ट कळली आणि त्यानं ती दुधाच्या नि किल्लीच्या पंगतीत बसवली. तो वाईट मुलगा नाही. आईची काळजी करणारा मुलगा जे करील तेच त्यानं केलं. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथे आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं. बाईंनी घड्याळ उत्तम काढलं. डॉक्टर म्हणाले, घड्याळ ठीक आहे, पण एवढी महत्त्वाची गोष्ट केली आणि केल्याची आठवणच नाही, हे लक्षण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. गोळ्या सुरू झाल्या.

मग बाई मला रोज सकाळी फोन करू लागल्या. "वार सांगू नका, मी सांगते. आज गुरुवार. काल तुम्ही म्हणालात की सूनबाई माहेरी गेल्यात. बरोबर?"

"बरोबर."

"काल भाजी काय केली तेही मला आठवतंय. पण ते तुम्हाला कसं तपासता येणार."

असे तीन महिने. रोज सकाळी मी बरोबर म्हणायचो आणि फोन ठेवायचो. रोज वाटायचं, उद्या सांगू. सांगण्याची वेळ पहिल्या दिवशी होती, त्यानंतर प्रत्येक दिवशी सांगणं कालच्याहून अवघड होत गेलं. हे निमित्त म्हणून सांगत नाही. जसं झालं तसं सांगतो. पत्नीनं एकदा विचारलं, "बाईंचा फोन आला की तुम्ही उभे का राहता?" मला माहीत नव्हतं की मी उभा राहतो.

तीन महिन्यांनी बाईंनी घर सोडलं. एकटीनं राहणं आता बरं नव्हे असं मुलानं ठरवलं आणि बाईंनी मान्य केलं. गॅस, जिने, कुलूप, सगळ्याचीच त्यांना भीती वाटू लागली होती. फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारानं एका तरुण जोडप्याला दिला. पस्तीस वर्षं ज्या घरात काढली तिथून त्या दोन बॅगा घेऊन गेल्या. निरोपाला आम्ही चार जण होतो. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "तुम्ही रोज फोन घेतलात, बरं केलंत. नाहीतर मी आधीच गेले असते."

त्यानंतर सहा महिने गेले. एका संध्याकाळी काम आटोपून तंत्रज्ञ आणि मी स्वारगेटच्या बसपर्यंत बरोबर निघालो. माझ्या कोपराला धरून ते चालतात. मंडईच्या मागे गर्दी कमी झाल्यावर ते म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी बाईंचा टॅब कुठं होता?"

मी थांबलो. माझ्याबरोबर तेही थांबले.

"दोन मान्यतांमध्ये चाळीस सेकंदांचं अंतर हाय," ते म्हणाले. "टॅब बाईंच्या घरी असता तर तो वाजायचा, त्या उठायच्या, चष्मा, मग वाचायचं, मग मला फोन करून तीन शंका विचारायच्या. चाळीस सेकंदांत बाई खुर्चीतून उठत न्हाईत. मी कारकुनाला विचारलं. दुसरी मान्यता आपल्या खोलीच्या वायफायवरून आली म्हणाला."

"कधी विचारलंत?"

"सभेच्या दुसऱ्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." आम्ही पुन्हा चालू लागलो. "थांबायला नको होतं. माझंही चुकलंच. मला वाटलं फाइलींचा प्रश्न हाय. फाइली झाल्या परत. बाई घर सोडून जातील असं नव्हतं वाटलं."

बस आली. चढताना म्हणाले, "मी सांगणार न्हाई. पण रविवारपर्यंतच."

मी शनिवारी गेलो. दोन बस बदलून, मग लिफ्टनं अकराव्या मजल्यावर. दार सुनेनं उघडलं. बाई बाल्कनीत बसल्या होत्या, मांडीवर वही. त्यात दिवसभराच्या गोष्टी वेळेसकट लिहिलेल्या. मी आल्याचीही नोंद त्यांनी केली, मग वही मिटली.

मी सांगून टाकलं. टॅब, चिठ्ठी, आकडा, बटण, चिकू. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्या खाली रस्त्याकडे बघत होत्या. मग विचारलं, "त्या वेळी मी काय करत होते?"

"घरी होतात. डोळ्यावर पट्टी होती. बहुतेक झोपला होतात."

"झोपले होते." हे त्या दोनदा म्हणाल्या. "दूध मला आठवतं. मोबाइलवर बहिणीशी बोलत होते, उतू गेलं. किल्ली आठवते, कचरेवाल्याला हाक मारायला बाहेर आले होते. फक्त हेच आठवत नव्हतं. सगळं सगळं आठवायचं, हे नाही. आणि डॉक्टर म्हणाले, आठवत नाही हेच लक्षण आहे."

मी माफी मागितली.

"ते राहू द्या सध्या," त्या म्हणाल्या. त्यांनी मुलाला हाक मारली. तो लॅपटॉप तसाच उघडा ठेवून आला. "यांनी मला आत्ता जे सांगितलं ते तुला सांगतील. परत. पहिल्यापासून."

परत सांगणं जास्त जड गेलं. मुलगा उभ्यानं ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "काका, मी आईला न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेलो. तुम्हाला माहिती होतं ना?"

"होतं."

"रोज सकाळी फोनवर बोलत होता तिच्याशी."

"हो."

"आता गोळ्या बंद करू का? तुम्हीच सांगा. म्हणजे काय काय तुमचं होतं आणि काय तिचं, हे मी आता कसं सॉर्ट करू?"

मी बाईंकडे बघितलं. 

"गोळ्यांचं डॉक्टर बघतील," बाई म्हणाल्या. "तपासणी परत करायची. या वेळी ही गोष्ट वगळून. आणि दूध, किल्ली मी स्वतः सांगणार, तू नाही."

"आई, पण तसंही एकटीनं—"

"तसंही काय ते तपासणीनंतर बोलू. तसंहीवरच आत्तापर्यंत चाललं सगळं."

मुलगा खुर्चीवर बसला. त्याला रडू येईल असं मला वाटलं, आलं नाही. सुनेनं चहा आणला. बाईंनी माझ्याकडे कप सरकवला आणि म्हणाल्या, "घ्या. साखर घातलीय, तुम्हाला चालत नसली तरी घ्या." चहा संपेपर्यंत त्या माझ्याशी आणखी काही बोलल्या नाहीत. दारापर्यंतही आल्या नाहीत.

पुढच्या सभेत मी सगळं सांगितलं आणि राजीनामा दिला. अध्यक्षांनी राजीनामा घेतला, आग्रह केला नाही. एक जुने सभासद म्हणाले, "यंत्रावर ढकललं असतं तर आम्ही मान्य केलं असतं हो. बाईंवर कशाला?" मी म्हणालो, यंत्रानं सावध केल्याची नोंद होती, बाईंच्या टॅबवर बोट माझं होतं याची नव्हती. वहीतल्या वाक्याखाली मी दुरुस्ती लिहिली. तंत्रज्ञांनी नियमांत बदल केला. ट्रॅश आता तीस दिवसांआधी कोणालाच रिकामा करता येत नाही, कितीही मान्यता असल्या तरी. आणि दुसरी प्रत नसलेल्या फाइलींना कारकून हातच लावत नाही, त्यांची नावं आधी माणसाला मोठ्यानं वाचायला लावतो. मला विचाराल तर चांगले नियम आहेत. पण आधीचेही चांगलेच होते.

तपासणी परत झाली. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं की या वयाचं विसरणं आहे, त्यापलीकडचं आज तरी दिसत नाही. गोळ्या हळूहळू कमी करून थांबवू. एकटं राहायचं तर सकाळ-संध्याकाळ कोणी येऊन जाणारं असावं, मग हरकत नाही. मुलाला हे पूर्ण पटलेलं नाही. बाईंनाही पूर्ण पटलेलं नसावं. त्या अजून वही लिहितात. नऊ महिने स्वतःच्या डोक्याला भ्यायलेला माणूस डॉक्टरांच्या एका चिठ्ठीनं मोकळा होत नाही. हे मला मुलानं सांगितलं. त्या माझ्याशी फोनवर बोलत नाहीत.

हा मजकूर मी छापायला देण्याआधी मुलाच्या हाती त्यांच्याकडे पाठवला होता. तीन आठवड्यांनी परत आला. एके ठिकाणी मी त्यांचं घर चौथ्या मजल्यावर लिहिलं होतं, तिथे चार खोडून तीन केलं होतं. बाकी काही नाही. आत एक बंद पाकीट होतं, त्यावर भाडेकरूंचं नाव, आणि माझ्यासाठी मुलाच्या अक्षरात एक ओळ, की आईनं हे तुमच्या हातानं पोचवायला सांगितलं आहे.

काल दुपारी गेलो. तीन जिने चढताना दोनदा थांबलो. दार त्या तरुण मुलीनं उघडलं, कानात हेडफोन, घरूनच काम चालू. तिनं पाकीट फोडून वाचलं. करार संपल्यावर वाढवून मिळणार नाही, घर मला राहायला हवं आहे, असं बाईंनी लिहिलं होतं.

"म्हणजे दोन महिने आहेत आमच्याकडे," ती म्हणाली. "आजी खरंच परत येतायत का? की रेंट वाढवायचं म्हणून? खरं सांगा काका."

"परत यायचं म्हणतायत."

"एकट्या?"

"हो, एकट्या."

तिनं पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि पाणी हवं का विचारलं. मी नको म्हणालो आणि कठड्याला धरून खाली उतरलो.